पोळ्याच्या रांगेतली फटफटी

कारभारी जालन्याहून परत आला तो दुसऱ्याच्या बैलगाडीत बसून, आणि गाडीत त्याच्या शेजारी एक लोखंडी सांगाडा आडवा पडला होता. नंदाबाई दारातच उभी होती. तिनं आधी सांगाड्याकडं बघितलं, मंग नवऱ्याकडं, मंग गाडीच्या मागं लांबवर रस्त्याकडं. रस्ता मोकळा.

"आवो, आपली दमणी गाडी कुठाय?"

"दिली."

"दुसऱ्याच्या गाडीमागं बांधून, चाकाला धाव बसवायला नेल्ती ना? दिली म्हंजी?"

"जिनिंगच्या मुनीमाला दिली. ह्या फटफटीच्या बदल्यात." आणि वर हा गडी हसून राह्यला होता! "आगं, गिरणीचा गोरा साहेब विलायतेला गेला, तवापासून आवारात पडून होती. राखणदार हिला शेळी बांधायचा."

आता नंदाबाईच्या तोंडाचं काय सांगावं! मंठ्याच्या बाजारात ती लांबून येताना दिसली, की भाजीवाल्या शिळी भाजी आपणहून पाटीखाली दडवायच्या. तिनं कारभाऱ्याची अशी काही हजेरी घेतली की गाडीवानानं सांगाडा अंगणात लोटला आणि पाणीसुद्धा न पिता बैल हाकले. पण कारभारी हूं की चूं करीना. सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "बैलच न्हाईत, तर दमणी काय चाटायची?"

ह्यावर मात्र नंदाबाई गपकन चुलीपुढं जाऊन बसली आणि डोळ्याला पदर लावला. धुराचं निमित्त होतंच.

कारण त्या उन्हाळ्यात गुरांवर बुळकांडीची साथ आली होती आणि गावातली निम्मी दावी रिकामी करून गेली होती. कारभाऱ्याची सर्जा-राजाची जोडी एकाच आठवड्यात गेली. राजा आधी, मागून सर्जा. सर्जा तर नंदाबाईच्या हातचा. गाय व्यायली आणि मेली, तर त्या वासराला हिनं चिंधीची वात करून दूध पाजलं होतं. तो मोठा झाला, खांद्याएवढा उंच झाला, तरी ती गोठ्यात गेली की तिचा पदर चघळायचा. साथीनंतर आख्ख्या मुलखात नवी जोडी मिळंना. पेरणी शेजारच्या भुजंगाच्या बैलांवर उरकली. भुजंगाची जोडी लांब मळ्यावर बांधलेली असायची, म्हणून वाचली.

तर ते असो. फटफटी अंगणात आली आणि नंदाबाईनं तिचं नाव ठेवलं 'मढं'. "तुमचं मढं बाजूला घ्या, मला सडा टाकायचाय." कारभारी मुकाट्यानं बाजूला घ्यायचा. त्यानं ऐन तरुणपणी चार हंगाम जालन्याच्या जिनिंगमध्ये इंजिनाला तेल घालायचं काम केलं होतं. तेव्हा साहेब ही फटफटी उघडून बसायचा आणि हा कंदील धरून उभा असायचा. तेवढ्या भांडवलावर गड्यानं दमणी फुंकली!

खरी गंमत पुढं झाली.

त्या गावात पोळ्याच्या रांगेला फार मान. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, मारुतीसमोर बैलांची रांग लागायची, मंगलाष्टकं व्हायची आणि मंग तोरणाखालून एकेक जोडी गावात शिरायची. पहिली काकासाहेब पाटलांची. दुसरी जागा कारभाऱ्याच्या घराची, आजाच्या आजापासून. आणि रिवाज असा, की ज्याची जागा एका पोळ्याला रिकामी राह्यली, त्याची ती गेली. मागचा पुढं सरकायचा, कायमचा. उसनी जोडी आणावी तर मान जोडीच्या मालकाला. श्रावण लागला तशी पारावर बोलणी सुरू झाली, आणि भुजंगानं खाली बघत, अगदी अदबीनं विचारलं, "काकासाहेब, मंग दुसऱ्या जागेवर यंदा आम्ही उभं राहावं का?"

भुजंगाची जागा तिसरी. बोलणं रिवाजाला धरून होतं. पण नंदाबाई नेमकी डोक्यावर घागर घेऊन पारावरून चालली होती. जनावरं गेली, गोठा ओस पडला, आता जागाही गेली तर सर्जा-राजा ह्या गावात होते हे तरी कुणाच्या ध्यानात राहणार? तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला आणि रस्त्यावरूनच म्हणाली,

"जागा रिकामी कशी? आमची फटफटी उभी राहील की!"

पार असा हसला, असा हसला! एकजण तर पाराखाली घसरला. भुजंग मात्र हसला न्हाई. काकासाहेबांनी हात वर केला. माणूस करडा, पण न्यायाचा. थोडा विचार करून म्हणाले, "रिवाज असा हाय की जे वेशीखालून जाईल ते घरचं पाहिजे आन् आपल्या बळानं चाललं पाहिजे. फटफटी घरची हाय. चालली तर चालली. पण ढकलायची न्हाई, ओढायची न्हाई. ढकलली की जागा भुजंगाची. कबूल?"

"कबूल!" म्हणून नंदाबाई घरी आली, घागर आदळली आणि कारभाऱ्यापुढं सगळं ओतलं.

कारभाऱ्यानं ऐकलं आणि त्याच्या हातातला पाना गळून पडला. "आगं बये! टाकीला भोक हाय, टायर उंदरानं खाल्लेत, ठिणगी पडंना. आन् तू पोळ्याचा वायदा करून आलीस?"

"मंग काय करू? तोंडातून गेलं ते गेलं." तिनं पदर खोचला. "काय काय लागतं ते सांगा. पैसा मागू नका, बाकी सगळं देते."

तिथून पुढं त्या घरात जे सुरू झालं त्याला कामच म्हणावं की लगीनघाई, देव जाणे! कल्हईवाला आल्ता, तर नंदाबाईनं त्याला फुटकी परात दाखवून आत बोलावला आणि टाकीचं भोक बुजवून घेतलं. वर त्याला कढी-भाकर वाढली, म्हणून त्यानं दुसरं बारकं छिद्रही स्वतःच शोधून काढलं. बसायला खोगीर मिळालं. काकासाहेबांची घोडी म्हातारी होऊन मेली होती, तिचं अडगळीतलं. टायरात हवा राहणं शक्यच नव्हतं. मंग दोघांनी मिळून जुनी वाकळ फाडली आणि चिंध्या पिळून पिळून टायरात ठासल्या, वरून अंबाडीच्या सुतळीनं आवळून घेतल्या. मोटारीला घालतात ते तेल जालन्याशिवाय मिळेना. कारभारी म्हणाला, साहेब कधीकधी एरंडेल घालायचा. झालं! दोघांनी घरच्या एरंड्या भाजून, कांडून, उकळून तेल काढलं. त्या वासानं शेजारची पोरं गल्लीतून जाईनात, जुलाबाच्या आठवणीनं.

सगळ्यात अवघड झाली ती ठिणगी. ठिणगी पाडणारी पेटी पावसाळी हवेत दमट झाली होती. कारभाऱ्यानं पुसली, फुंकली, उन्हात ठेवली. ऊन कुठलं श्रावणात? एका सकाळी तो डोकं धरून बसला. नंदाबाई भाकरी थापत होती. तिनं पेटीकडं बघितलं, चुलीच्या वैलाकडं बघितलं. "पापड सर्दावले तर आपण काय करतो?" म्हणाली, आणि पेटी उचलून वैलाशेजारी ऊबेला ठेवून दिली. दर भाकरीला एकदा ती पेटीची कूस बदलायची. दुपारी कारभाऱ्यानं पेटी बसवली, तार जोडली, नंदाबाईला म्हणाला, "जरा धर गं हे टोक," आणि चाक फिरवलं.

"अगं आई आई आई!" नंदाबाई तीन हात मागं. हाताला असा झटका बसला की बांगडी वाजली.

"पडली! ठिणगी पडली!" कारभारी अंगणात नाचायला लागला. आधी नंदाबाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मंग स्वतःच खदखदून हसायला लागली. त्या दिवसापासून 'मढं' हे नाव बंद झालं.

उरला पट्टा. ह्या फटफटीला मागचं चाक फिरवायला साखळी नव्हती, कातड्याचा पट्टा होता, आणि तो केव्हाच कुजून गेला होता. कारभाऱ्यानं मापाची सुतळी मोटा शिवणाऱ्या कचरूकडं पाठवली. कचरू चार दिवसांनी पट्टा घेऊन आला. तीन पदरी, दाट टाक्यांचा, दाबला तर बोट दुखावं असा. कारभारी तेव्हा वावरात गेल्ता. कचरूनं पट्टा नंदाबाईच्या हातात दिला आणि जरा घुटमळला.

"माय, एक सांगू? मालकाला सांगू नका, त्यांचा जीव तुटंल. गावात एवढं जाड कातडं दुसरं नव्हतं." तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "सर्जाच्या खांद्यापासून धरलंय ते. जुवाखालची जागा. तिथलं कातडं मरत न्हाई."

नंदाबाईनं कचरूला पायलीभर ज्वारी घातली. तो गेल्यावर तो पट्टा मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसून राह्यली. मंग कारभारी आला, तर नुसतं म्हणाली, "पट्टा आलाय. बराबर बसतो का बघा."

बराबर बसला. पोळा दोन दिवसांवर आला तेव्हा त्यांनी फटफटी गायरानावर नेली. कारभाऱ्यानं मुनीमाकडून डब्यातून जपून आणलेलं पेट्रोल ओतलं, देवाचं नाव घेतलं आणि लाथ मारली. काही न्हाई. दुसरी मारली. फुस्स. तिसऱ्या लाथेला फट्, फट्, फटफटफटफट! धुराचा लोट, एरंडेलाचा वास, लांबवर चरणाऱ्या शेळ्या शेपट्या वर करून उधळल्या. कारभारी बसला, दांडी पुढं ढकलली, मूठ सोडली आणि चालली की हो फटफटी! गचके खात, चिंध्यांच्या टायरावर डुलत, पण चालली. नंदाबाई मागं पळत सुटली, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं. "चालली! आवो चालली! धरा नीट, पडाल!" चाळिशीची बाई, पण त्या दिवशी तिच्या पायांना मातीच लागत नव्हती.

आता जागा कुठं जात नाही, असं तिनं मनाशी पक्कं धरलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सुजतो, म्हणून त्याला लोणी-हळद लावून चोळायचं आणि त्याच्या कानात सांगायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' तिन्हीसांजेला गावभर गोठ्यांतून तेच चाललं होतं. कारभारी वेशीत तोरण बांधायला गेल्ता. नंदाबाई ओसरीवर आली. फटफटी धुऊन पुसून उभी होती. पट्ट्यावर दिव्याचा उजेड मिणमिणत होता.

तिच्यानं राहवलं न्हाई. बोला, कुणाच्यानं राहवलं असतं? गडवाभर लोणी तिनं ठेवलेलंच होतं, दरसालच्या सवयीनं. तिनं त्यात हळद कालवली आणि पट्टा चोळायला घेतला. हळूहळू, जिरवत, टाक्याटाक्यांतून. चाक थोडं फिरवायचं, पुढचा भाग घ्यायचा. आतल्या बाजूनंही बोटं घातली, कारण घासतं तिथंच दुखतं. "लई ओढलंस रे बाबा," ती म्हणत होती, "मेल्यावर बी सोडलं न्हाई तुला." सगळा पट्टा मऊ, पिवळाधमक झाला. मंग ती खाली वाकली आणि पट्ट्याशी तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." त्या रात्री तिला कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली.

पोळ्याला वेशीत मुंगीला वाट नव्हती. ऐनेदार झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळा. आणि त्या सगळ्यांत दुसऱ्या जागेवर फटफटी, खोगिरावर सर्जाची झूल, दांड्याला गोंडे. पट्ट्याची हळद कारभाऱ्याला दिसली, पण पोळ्याला कशाला हळद नसते? पूजेची असेल म्हणून त्यानं सोडून दिलं. मागं भुजंग त्याच्या खिल्लाऱ्यांचा कासरा धरून. बैल बुजू नयेत म्हणून काकासाहेबांनी सांगून ठेवलं होतं, माझी जोडी तोरणाखालून गेली की मंगच चालू करायची.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. पाटलाची जोडी तोरणाखालून गेली आणि एकच हलगी कडाडली. काकासाहेब वेशीपलीकडं थांबून वळले. "कारभारी, चल!"

कारभाऱ्यानं लाथ मारली. पहिल्याच लाथेला फटफटफटफट! गाव ओरडलं. मागचे बैल चमकले, गड्यांनी आवरले. कारभारी बसला, दांडी ढकलली, मूठ सोडली.

इंजिन ओरडून राह्यलं आणि चाक जागचं हलेना.

त्यानं आणखी जोर दिला. आवाज दुप्पट झाला, धूर तिप्पट. इंजिनाची बारकी चाकोली गरागरा फिरत होती, पट्टा तिच्यावर नुसता सटकत होता, आणि कारभाऱ्याच्या पांढऱ्या धोतरावर पिवळे शिंतोडे उडत होते.

नंदाबाई बायकांत उभी होती. तिनं ते शिंतोडे बघितले आणि कपाळावर हात मारला. लोणी! आगं माझे बाई, लोणी!

"ढकला रे थोडी!" कुणीतरी म्हणालं. "ढकलायची न्हाई!" दुसरा ओरडला. काकासाहेबांची मान भुजंगाकडं वळली. भुजंगानं कासरा आवळला.

नंदाबाईनं काय केलं? बायकांतून बाहेर उडी घेतली आणि पळाली. वेशीलगतचं पहिलं घर भुजंगाचंच. त्याची आई गोजरबाई चुलीवर पुरणपोळी भाजत होती. तिनं "काय गं?" म्हणेपर्यंत नंदाबाईनं चुलीत हात घालून राख पदरात ओढली. "आगं जळशील!" म्हातारी ओरडली. पदराला भोकं पडली, हात भाजला, पण लोणी कढवलेल्या भांड्याचा ओशटपणा राखेशिवाय जात न्हाई हे तिच्या हाताला ठाऊक होतं, डोक्यानं विचार करायच्या आधी. ती तशीच धावत आली आणि फटफटीपुढं बसकण मारली.

"बंद करा! बंद करा म्हणते ना!"

आवाज थांबला. तिनं झूल ओढून पट्टा खसाखसा पुसला, राख चोळली, परत पुसला, परत चोळली. कारभारी थक्क होऊन बघत होता. "आगं, पट्ट्याला लोणी कुणी लावलं?"

"मी."

"याड लागलं का तुला? पट्ट्याला लोणी कशाला?"

सगळी वेस ऐकत होती. तिला खरं तर कुणाला सांगायचं नव्हतं. पण आता हात राखेत, डोळ्यांत पाणी आणि गाव डोक्यावर उभं, तिच्या तोंडातून आपोआप निघून गेलं.

"पट्ट्याला न्हाई लावलं! सर्जाच्या खांद्याला लावलं. सर्जाचं कातडं हाय ते. काल खांदेमळणी होती. सगळ्यांनी आपल्या बैलाचे खांदे मळले. मी माझ्या बैलाचा मळला. काय चुकलं माझं?"

हलगी थांबली होती. कारभाऱ्यानं पट्ट्याकडं बघितलं. त्याचा हात पुढं आला, पण पट्ट्याला लागायच्या आधीच थबकला. तो बाजूला तोंड करून उभा राह्यला. मंग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून म्हणाला, "आतल्या बाजूला राख घाल. घासतं तिथं."

"घातली."

"जल्दी उठ मंग. बाजूला हो."

त्यानं लाथ मारली. फटफटफट. बसला. दांडी ढकलली. मूठ सोडली. पट्टा एकदा सटकला, दोनदा सटकला, राखेचा भपकारा उडाला, आणि तिसऱ्यांदा त्यानं चाक असं धरलं की फटफटीनं गचकन पुढं झेप घेतली. "चाललीऽऽ!" गावानं हाळी दिली, हलगी परत कडाडली. आंब्याची पानं कारभाऱ्याच्या पटक्याला घासली. तोरणाखालून गेली, कुणी हात न लावता गेली! काकासाहेबांनी मूठभर गुलाल उधळला आणि "जागा कारभाऱ्याची!" असं हलगीच्या वर आवाज काढून ओरडले.

नंदाबाई पदराची भोकं सावरत मागोमाग धावली. वेशीच्या आत वीस पावलांवर फटफटी घरघरली, एक फुसकारा टाकला आणि बंद पडली. वाट अरुंद, पोळ्याची आख्खी रांग मागं खोळंबलेली. कारभारी घाबरून लाथेवर लाथ मारायला लागला. नंदाबाईनं पट्ट्यावर हात ठेवला. पट्टा चांगला ऊन झाला होता. तिला रडू आवरेना, आणि हसूही.

मागून भुजंग तोरणाखाली आला होता. ह्याच जागेवर महिनाभर डोळा ठेवलेला माणूस. त्याचे बैल पुढं रेटत होते. त्यानं कासरा मनगटाला गुंडाळून त्यांना मागं ओढलं आणि मागच्यांना हात करून थांबवलं.

"कारभारी, लाथा नका मारू," तो म्हणाला. "वैनी, सर्जाला दम खाऊ द्या. आम्ही थांबतो."